मरीआईची भीती घेऊन कोलकात्याला

दौंडची एसटी इंदापूर स्टँडवर लागली, तेव्हा आई मला निरोप द्यायचं सोडून सईच्या गळ्यात ताईत बांधत होती. सई माझी मुलगी, त्या वेळी तीन वर्षांची. काळा दोरा तिला टोचत होता आणि ती सारखी मान हलवत होती. गाठ पक्की बसल्यावर आई उठली, माझा दंड धरून मला खांबाआड घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "तू तिच्याच गावाला निघालीस, शालू. तिच्या डोळ्यांत बघू नगंस. आन् पोरीला तिच्यापुढं उभी करू नगंस."

'ती' म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही. कोलकाता म्हणजे कालीचं गाव, एवढं आईला टीव्हीमुळं ठाऊक होतं. तिच्या लेखी काली आणि आमची मरीआई एकच. केंद्र सरकारच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मला फार वर्षांच्या खटपटीनंतर लागली होती आणि पहिलीच नेमणूक तिकडची. माझा नवरा संतोष बारामतीच्या एमआयडीसीत कामाला. तो आम्हाला सोडून चार दिवसांत परतणार होता. जळोचीला सासू-सासऱ्यांनी पेढे वाटले होते. माहेरी मात्र कुणाच्या तोंडाला चव नव्हती. गाव सोडताना पोरीबाळी रडतात ते आठवणीनं, असं मागं राहिलेल्यांना वाटतं. मी त्या एसटीत भिगवण येईपर्यंत भीतीनं रडत होते.

आमच्या वस्तीच्या वेशीबाहेर कडुलिंबाखाली मरीआई आहे. शेंदरानं जाड झालेला दगड, त्यावर बसवलेले चांदीचे डोळे, पुढं हिरव्या बांगड्यांचा ढीग. पूर्वी पटकीची साथ आली की लोक म्हणायचे, मरीआई फिरायला निघाली. माझ्या आजोबांकडं मेंढरं होती. एखादं मेंढरू तडकाफडकी मेलं तरी ते तिचंच नाव घ्यायचे. वडिलांनी मेंढरं काढून ऊस लावला. साथीही गेल्या. तरी आई अंधार पडल्यावर तिचं नाव घेत नसे, नुसतं 'ती' म्हणायची.

माझी शाळेची वाट तिच्यासमोरून जायची. खाली बघून चालायचं, असा आईचा दंडक. दुसरीत असताना मी एकदा मान वर केली. चांदीचे डोळे उन्हात असे चमकले, की मी दप्तर टाकून पळत सुटले आणि घरी येऊन सांगितलं. दुपारी मला ताप भरला. आई अनवाणी नारळ घेऊन धावत गेली, लोटांगणं घालून परत आली तेव्हा तिचे गुडघे फुटले होते. ती मला मांडीवर घेऊन बसली आणि तिचं सगळं अंग कापत होतं. ताप दुसऱ्या दिवशी उतरला. आईचं ते कापणं मात्र माझ्या अंगात कायमचं शिरलं. पुढं मी बीएस्सी झाले, बीएड झाले, जंतू आणि लशींचे धडे शिकवायला लागले. तरी वेशीपाशी आले की माझी मान आपोआप खाली जायची.

कोलकात्यात आम्हाला वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या. खाली घरमालकीण एकटी राहायची. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली सत्तरीची विधवा, मुलगी बंगळूरला. तिला सगळे 'माशीमा' म्हणायचे, म्हणजे मावशी. मी शाळेत गेले की सईला तीच सांभाळायची. बाई लाख मोलाची. पण जिना जिथं वळतो तिथं, कोनाड्यात, कमरेएवढी काली उभी होती. काळीभोर, गळ्यात मुंडक्यांची माळ, हातात कोयता, जीभ लांब बाहेर. आमच्या मरीआईला निदान तोंड तरी नव्हतं.

पहिले दोन महिने मी सईचे डोळे तळव्यानं झाकून तो जिना चढले. मी स्वतः पायऱ्या मोजायची. आठव्या पायरीवर श्वास धरायचा, बाराव्या पायरीवर सोडायचा. खालून मात्र रोज सकाळी माशीमाचा आवाज यायचा. ती कालीला जास्वंदीची माळ घालताना चक्क रागावत असायची. आज गुडघा का दुखवलास, लेकीचा फोन का आला नाही, असं काहीबाही. मी वरून कान देऊन ऐकायची. वाटायचं, आता ही बाई जिन्यावरून पडणार.

एकदा माशीमानं मला डोळे झाकताना पकडलं. तिनं तिच्या मोडक्या हिंदीत विचारलं, की तुला काय दिसतं हिच्यात. मी म्हणाले, जीभ. रक्त मागते. माशीमा हसायला लागली. तिनं सांगितलं, की ही रागाच्या भरात नाचत सुटली, पाय नेमका नवऱ्याच्या छातीवर पडला, तेव्हा लाजून हिनं जीभ चावली. चूक झाली की आपण नाही का चावत? मी मान डोलावली. विश्वास काही बसला नाही.

त्याच वर्षी थंडीत, एका रविवारी सकाळी सईच्या कानामागं लाल पुरळ दिसलं. आदल्या तीन दिवसांचा ताप मी सर्दीचा समजून औषध देत होते. आता पुरळ गालांवरून खाली उतरत होतं. गोवर, हे मला कळलं. दीड-दोन वर्षांच्या वयात द्यायचा दुसरा डोस माझ्या मुलाखती आणि कागदपत्रांच्या धावपळीत राहून गेला होता, तेही आठवलं. आणि हे सगळं माहीत असलेल्या मी डॉक्टरला नाही, आईला फोन केला.

गोवर म्हणजे घरी आलेली देवी, आणि अशा वेळी तिला मानानं 'त्या' म्हणतात. आई भराभर बोलायला लागली. "आल्यात त्या. आता सुई टोचू नगंस, गोळी दिऊ नगंस. घरात फोडणी दिऊ नगंस. लिंबाचा पाला आंथर पोरीखाली. पाच दिस कळ काढ, त्या आल्या तशा जात्यात. डाक्टरकडं नेलीस तर त्यांचा अपमान हुईल, शालू."

मी सगळं ऐकलं. तिकडं कडुलिंबाची कोवळी पानं वांग्याबरोबर तळून खातात, त्यामुळं बाजारात जुडी सहज मिळाली. ती मी सईच्या उशापायथ्याशी पसरली, औषधाची बाटली कपाटात मागं सरकवली आणि दार लावून बसले. सातवीच्या मुलांना लस कशी काम करते ते मी त्याच आठवड्यात शिकवलं होतं. फळ्यावर आकृती काढली होती. त्या खोलीत त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. मी फक्त आईची लेक होते. दुपारनंतर सईचा श्वास उथळ झाला. प्रत्येक श्वासाला फासळ्यांखाली खड्डा पडत होता. मी बघत होते आणि उठत नव्हते. आत्ता उठले तर ती कोपेल, नाही उठले तर पोर जाईल, अशा दोन्हींच्या मध्ये मी जमिनीला खिळले होते.

चार वाजता माशीमा मऊ भात घेऊन वर आली. तिनं पाला बघितला, सईची छाती बघितली आणि डॉक्टर कोण, म्हणून विचारलं. मी म्हणाले, देवी आलीय, औषध दिलं तर रागावेल. माशीमाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण मी तिला पहिल्यांदाच घाबरलेली बघितली. भाताची वाटी तिनं खाली ठेवली.

"माँ बोलती हो, फिर उससे इतना डर?" ती म्हणाली. "उठो."

तिनंच सईला शालीत गुंडाळलं. जिन्याच्या वळणावर ती कालीपुढं थांबली आणि बंगालीत दोन वाक्यं बोलली. मला वाटलं, क्षमा मागतेय. टॅक्सीत मी विचारलं तर म्हणाली, तिला सांगितलं की आम्ही निघालोय, घराकडं लक्ष ठेव.

गोवरातून न्यूमोनिया झाला होता. सईच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावताना एका तरुण डॉक्टरीणबाईनं मला विचारलं, की सकाळीच का आणलं नाही. चार दिवस आम्ही तिथं होतो. पहिले दोन दिवस मला देवीचा राग दिसत होता, सलाईनमध्ये, यंत्राच्या आकड्यांमध्ये, सगळीकडं. तिसऱ्या दिवशी सईनं डोळे उघडून भात मागितला आणि त्यानंतर मला जी भीती वाटली, ती आजवर वाटली नव्हती. देवीचा यात काही संबंधच नसेल तर? तर मग त्या सकाळपासून चार वाजेपर्यंत पोरीच्या उशाशी बसून होते ती फक्त मी होते.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही जळोचीला आलो. शेजारी वैशाली राहते, माझी मैत्रीण, बारामतीत नर्स आहे. तिला मी सगळं सांगितलं. ती आधी चिडली. दुसऱ्या डोसची आठवण तिनं मला दोनदा केली होती. मग ओट्यावर बसून तिनं तिच्या आजोबांचं सांगितलं, जे मी इतकी वर्षं शेजारी राहून कधी विचारलं नव्हतं.

"तुमच्यासाठी ती देवी. आमच्या आजोबांसाठी ते काम हुतं," ती म्हणाली. "साथ आली की मरीआईचा गाडा आमीच ओढायचा, शिवंपल्याड न्यायचा, म्हंजी साथ गावातनं जाती म्हणं. आपली पोरं घरात तापानं पडलेली असली तरी ओढायचा. धम्म घेतला तसं आजोबांनी गावाला सांगितलं, आता गाडा ओढणार न्हाय."

मी विचारलं, भीती नाही वाटली? वैशाली म्हणाली, आजीला वाटली. सहा महिने ती रोज पोरांच्या कपाळाला हात लावून बघायची. पोरं धडधाकट राहिली. पुढं सरकारी नर्स सुया घेऊन वाडीत आली, तेव्हा सगळ्यांत आधी पोराचा दंड पुढं केला तो आजीनंच.

दुसऱ्या दिवशी मी इंदापूरजवळच्या आमच्या वस्तीवर, माहेरी गेले. दुपारची वेळ होती, आई पडवीत लसूण सोलत होती. मला तिच्याशी भांडायचं होतं. मी म्हणाले, तुझं ऐकून मी पोरगी घालवून बसले असते. माशीमाचं सांगितलं, वैशालीच्या आजीचं सांगितलं. सईला गोवर झाला होता, कुणी कोपलं नव्हतं, असं मी तिला धडा शिकवल्यासारखं सांगितलं.

आईचे हात थांबले. "कोपली न्हवती म्हणतीस?"

"नव्हती."

"मग माझी मंगल कुणी नेली?"

हे नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. माझ्याआधी आईला एक मुलगी होती, दोन वर्षांची झालेली. तिला असाच गोवर निघाला. वडील तिला सायकलवर घालून इंदापूरच्या दवाखान्यात न्यायला निघाले होते. सासूनं नाही, कुणी नाही, आईनंच त्यांना अडवलं. दारात आडवी पडली. पाच दिवस लिंबाचा पाला आणि दिवा. सहाव्या दिवशी मंगल गेली. वडिलांनी त्यानंतर तिचं नाव घरात घेतलं नाही, आणि आईनं स्वतःला सांगितलं, की आपल्या हातून काहीतरी चुकलं, म्हणून ती कोपली.

"ती कोपली न्हवती, तर मग मीच मारली म्हण की पोरीला," आई म्हणाली. रडत नव्हती. लसणाच्या पाकळीकडं बघून बोलत होती.

माझं भांडण तिथंच संपलं. ज्या डोळ्यांना मी जन्मभर भ्याले, ते आईनं चाळीस वर्षं जपले होते, कारण ते मिटले असते तर तिला स्वतःकडं बघावं लागलं असतं. मी तिच्याजवळ सरकले आणि सांगितलं, की मीही बसून राहिले होते, सकाळपासून चार वाजेपर्यंत. मला सगळं माहीत असून. आईनं लसणाचा वास लागलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"तू अर्धाच दिस बसलीस," ती म्हणाली. "मी पाच दिस."

मग ती उठली आणि मला उसाच्या बांधावर घेऊन गेली. विहिरीच्या पलीकडं, जिथं नांगर कधी फिरवू देत नाहीत, तिथं चार दगड होते. लहानपणी मी त्यांवर बसून चिंचा खाल्ल्या होत्या. आम्ही दोघी तिथं ऊन उतरेपर्यंत बसलो. आईनं मंगल कशी चालायची ते सांगितलं. थोडी तिरकी, डाव्या अंगावर.

कोलकात्यात आता आम्हाला दुसरं वर्ष चालू आहे. सई माशीमाबरोबर कालीला जास्वंद वाहते आणि तिला बघून आपलीही जीभ बाहेर काढते. तेव्हा माझी मान अजून आपोआप खाली जाते. मी तिला मागं ओढत नाही, एवढंच. तिचं अंग जरा गरम लागलं तरी माझे हात कापतात, पण कापत्या हातानं मी डॉक्टरचा नंबर लावते आणि मग आईला सांगते. आई फोनवर विचारते, "औषध दिलंस ना?" आणि उत्तर ऐकल्याशिवाय फोन ठेवत नाही. वेशीवर नारळ ती अजून देते. मी तिला थांबवत नाही.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे लांब गेले, ते गावाची आठवण निघाली की आंबा, हुरडा, जत्रा असं बोलतात. मलाही ते आवडतं. पण माझं गाव त्या चार दगडांपाशी सुरू होतं. शाळेत नवीन कुणी ओळख काढून विचारतं, की माहेरी कोण कोण असतं. मी सांगते, आई-वडील आहेत, भाऊ आहे, आणि एक थोरली बहीण आहे, मंगल.