ओल्या लुगड्यातला हवापालट

डोंबलाची विश्रांती! कुणी मला म्हणालं, 'जरा चार दिवस मळ्यावर जाऊन या, बरं वाटेल,' की अजून माझं डोकं फिरतं. एकदा गेले होते मी बरं वाटायला. एकोणीसशे तिसाच्या आगेमागची गोष्ट.

त्या वर्षी दसऱ्यापासून मला रोज दुपारी तीनच्या सुमाराला ताप यायचा. फार नाही, शंभर, कधी थोडा वर. डॉक्टरांनी छाती ठोकून पाहिली, पाठ ठोकून पाहिली, आणि ज्या रोगाची सगळ्यांना धास्ती होती त्याचं नाव काही घेतलं नाही. "छातीत अजून काही दिसत नाही," एवढंच म्हणाले. "पण यांना सोलापूरच्या गिरणीच्या धुरातून बाहेर काढा. दोन महिने मोकळी हवा, दूध, आराम. आणि ताप पुरता जाईपर्यंत मुलीला जवळ घ्यायचं नाही."

मुलगी दोन वर्षांची. नुकतं अंगावरचं तोडलं होतं. 'जवळ घ्यायचं नाही' म्हणजे काय, ते डॉक्टरांना कुठलं कळायला! त्या दिवसापासून ती सासूबाईंच्या कुशीत निजायला लागली आणि मी भिंतीपलीकडे तिचं रडणं ऐकत पडायला लागले. ताप गेला तर लेक मिळणार, राहिला तर नाही. इतका साधा हिशेब होता.

अक्कलकोटच्या वाटेवर एका लिंगायत बाईंचा मळा होता. यजमान गेल्यावर त्या एकट्याच शेती बघायच्या. विहिरीजवळ त्यांच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, सोलापूरच्या दुखणाईतांना त्या महिन्याच्या बोलीनं द्यायच्या. खोली, दोन वेळचं दूध आणि सकाळची न्याहारी. सगळे त्यांना अव्वा म्हणत. आमच्या यांच्या कचेरीतला एक कारकून तिथं राहून चांगला गुटगुटीत होऊन आला होता, म्हणून आमचंही ठरलं.

ठरलं खरं, पण सासूबाईंनी आधी बजावलं, "दूध घे, फळं घे. त्यांच्या चुलीवरचं शिजलेलं मात्र तोंडात घालायचं नाही. आपलं आपण करून खायचं." मग तांदूळ आले, तुरीची डाळ आली, पातेली, पळी, पोळपाट-लाटणं, तांब्याची कळशी, सगळं बांधलं गेलं. आराम करायला निघालेल्या बाईबरोबर अख्खं स्वयंपाकघर निघालं, आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मलासुद्धा नाही! सोवळ्याचं रेशमी लुगडं घरात एकच, ते सासूबाईंना पूजेला लागायचं. "तू आपलं ओलेत्यानं कर," त्या म्हणाल्या.

हे मला सोडून दुसऱ्या दिवशी कचेरीला परतले. मी आपली मळ्यात.

काय सांगावं, मला तिथं एक क्षण चैन पडेना. ज्वारी पोटरीला आली होती, हवा खरोखरच छान होती, पण छान हवेत बसून करायचं काय? गिरणीचा भोंगा नव्हता, तरी भोंग्याच्या वेळेला टक्कन जाग यायची. मुलगी उठली असेल, दूध मागत असेल. उठून विहिरीपर्यंत जायची, परत यायची, पुन्हा जायची. अव्वा एकदा म्हणाल्या, "बाई, मोटंचा बैल बी इतका चालत न्हाय की." दुपार झाली की माझी सगळी नजर थर्मामीटरवर. दोन वाजल्यापासून लावायला सुरुवात. शंभर. मग झटकून पुन्हा. शंभरच. जणू दुसऱ्यांदा विचारलं तर तो वेगळं उत्तर देणार होता.

आणि रोजचं माझं काम ठरलेलं. दिवस उजाडायच्या आत विहिरीवर अंघोळ, लुगडं तिथंच भिजवून पिळून नेसायचं, आणि त्याच ओलेत्यानं चुलीपुढं बसायचं. मार्गशीर्षातली थंडी. पुढून जाळ, मागून वारा, दातावर दात आपटत मी वरणभात करायची. डोळ्यांत धूर. वर स्वतःलाच शाबासकी, बघा, एवढ्या आजारातही मी नेम मोडला नाही!

न्याहारी बोलीतली, म्हणून अव्वा रोज सकाळी ओट्यावर ठेवून जायच्या. गरम भाकरी, दही, शेंगांची चटणी. वास असा यायचा की तोंडाला पाणी सुटायचं. मी ती गोठ्यातल्या कालवडीला घालायची. पंधरा दिवसांत कालवड टरारली आणि मी दोन शेर उतरले.

ती घालताना एके दिवशी अव्वांनी पाहिलं. त्या रिकामी थाळी उचलून निघून गेल्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम साजूक तुपातला शिरा केला, केळीच्या पानात घेतला आणि त्यांच्या दारात गेले.

"अव्वा, तुमच्यासाठी आणलाय."

त्यांनी पानाकडे पाहिलं, हात जोडले. "नको बाई. आमी तुमच्या हातचं खात न्हाय."

"म्हणजे?"

"आमच्यात गळ्यात लिंग बांधलेल्या मानसाच्याच हातचं चालतंय."

अगं बाई! मी अशी तापले की तेव्हा थर्मामीटर लावला असता तर फुटलाच असता. माझ्या हातचं चालत नाही? माझ्या? आजवर मी एवढंच धरून चालले होते की न खाण्याचा मान फक्त आमचा. दुसरंही कुणी आमच्याकडे बघून नाक मुरडत असेल हे सात जन्मांत डोक्यात आलं नव्हतं. तशीच तणतणत वळले, आणि चार पावलांवर मला हसू फुटलं. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता रडू. तिथंच मटकन बसले.

अव्वा आल्या, शेजारी बसल्या. त्यांनी माझ्या पाठीला हात लावला आणि काढलाच नाही. "हे लुगडं वल्लं हाय की."

"सोवळ्यात आहे मी."

"रोज वल्लंच नेसता? ह्या थंडीत?"

"रोज."

"आनि ताप का जाईना म्हनून ती काचंची कांडी तोंडात धरता, व्हय?" असं म्हणून त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "हे बघा बाई, मी नेम पाळते, पर मी धडधाकट हाय. मला ताप न्हाय. माझं लेकरू कुनी माझ्यापासनं तोडून ठेवलेलं न्हाय. तुमाला लेक पायजे का लुगडं पायजे, ते एकदा ठरवा."

कानाखाली बसावी तशी ती बसली मला. सोनारानेच कान टोचले. सोलापूरच्या डॉक्टरांनी हवा सांगितली, दूध सांगितलं, पण पहाटे अंगावर काय असतं हे विचारलं नाही. आणि मी सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं.

मी कोरडं लुगडं नेसले आणि अव्वांच्या चुलीपाशी जाऊन बसले. पहिला घास डोळे मिटून घेतला, खोटं कशाला सांगू. दुसऱ्याला नाही मिटले. तिसऱ्या भाकरीला अव्वाच म्हणाल्या, "हळू खावा की, लई गरम हाय."

दुखणं मुंगीच्या पायानं जातं म्हणतात, तसंच गेलं. चुलीपुढचं बसणं सुटलं, मी दुपारचीसुद्धा झोपायला लागले. आठ दिवसांनी नव्याण्णव. आणखी दहाबारा दिवसांनी तेही नाही. हे रविवारी आले तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी मागे वळून पाहिलं, कुणी नव्हतं, तरी कुजबुजले, "आईला बोलू नकोस." आणि अव्वांनी ताट वाढलं तेव्हा स्वतः दोन भाकरी आणि वांग्याची भाजी चेपली. वर म्हणतात, "चटणी झकास आहे!"

पुढे एक दिवस मी सकाळची चुलीपाशी भाकरी खात होते, आणि दारात बैलगाडी थांबली. सासूबाई! ताप गेल्याचं ऐकून डॉक्टरांनी घरी आणायला परवानगी दिली होती, म्हणून न कळवता चांगल्या दिवशी मला न्यायला आल्या होत्या. बरोबर हे, आणि कडेवर माझी लेक.

माझा घास तोंडातच राहिला. सासूबाईंनी चूल पाहिली, ताट पाहिलं, मला पाहिलं. मी उष्ट्या हातानं उठले आणि मुलीकडे धावले.

"लांब हो! शिवू नकोस तिला. आधी अंघोळ, मग भटजींना विचारू काय ते."

दोन महिने, दोन महिने मी त्या पोरीसाठी थर्मामीटर चघळला होता. माझं मस्तक फिरलं. मी पोरगी ओढून घेतली, ताटातली दह्यात भिजलेली भाकरी उचलली आणि तिच्या तोंडात घातली. ती आधी बिचकली, मग मचमच खायला लागली.

"झालं," मी म्हटलं, "आता हीही बाटली. दोघींनाही इथंच ठेवून जा."

अव्वा खाली मान घालून जाळ सारत होत्या. हे गाडीच्या बैलाची वेसण बघत होते. फार बारकाईनं बघत होते. मी त्यांच्या दोन भाकऱ्यांचं काही बोलले नाही.

सासूबाईंनी आम्हाला नेलं. घरी आल्यावर त्यांचा त्यांनीच निकाल लावला. लेकराला दोष नसतो. माझं प्रायश्चित्त करायचं तर भटजींना सांगावं लागणार, आणि भटजींना सांगितलं की गल्लीला सांगितलं. तेव्हा प्रायश्चित्त नाही. मी चुलीकडे फिरकायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही, ओसरीवर बसायचं. शेजारणींना सांगितलं, डॉक्टरांनी धूर वर्ज्य केलाय. हे रोज आत पाटावर बसून जेवायचे, माझं ताट बाहेर यायचं.

प्रायश्चित्तच नाही म्हटल्यावर या शिक्षेला शेवट कुठला? महिना झाला, दोन झाले, उन्हाळा लागला. मी मुलीला मांडीवर घेऊन ओसरीवर बसायची. तिची वेणी घालायची, तिला चिऊकाऊ सांगायची, वाचायची, दुपारी तिच्याशेजारी गाढ झोपायची. अंग भरलं. लग्न होऊन आल्यापासून इतकं सुख मला ठाऊक नव्हतं. आणि आत सासूबाई एकट्या. साठीच्या घरातली बाई, पहाटेपासून पाणी, सोवळं, दोन वेळचा रांधा, खरकटं. भांडं आदळलं की मला आधी बरं वाटायचं. मग वाटेनासं झालं.

एका दुपारी त्या उंबऱ्यावर येऊन टेकल्या. पदरानं डोळे पुसत होत्या, धुरानं लाल झालेले. मुलगी माझ्या मांडीवर पेंगत होती.

मी म्हटलं, "मी येऊ का आत? होईल तेवढं करते. कुणाला कळणार आहे?"

त्यांनी मान हलवली. आम्हा दोघींकडे पाहिलं.

"बारा वर्षांची होते या चुलीपुढं बसले तेव्हा," त्या म्हणाल्या. "मला कुणी वेळेवर बाटवलं नाही, बाई."

मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या, आणि संध्याकाळची डाळ धुवायला आत गेल्या.