स्प्रिंगवरचा हात

आमच्या पांढुर्ण्याच्या गॅरेजात बाबांचा एक कायदा होता: चाकात ठोकून बसवलेली बेअरिंग एकदा बाहेर काढली की ती भंगारात. कायदा खोटा नव्हता. काढताना आतल्या कड्याला मार बसतो, छर्रे खाचा पाडतात आणि चाक घुंई घुंई करत फिरतं. पण मुकाट्यानं ऐकणाऱ्यांतली मी नाही. पाना धरायला शिकले तीही बाबांशी भांडतच.

त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून सगळं काम मीच करते. तरी गिऱ्हाईक आलं की विचारायचं, "बाबा कुठं आहेत?" अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. बाबांनीही दिवाळीनंतर शटर ओढायचं ठरवून टाकलं होतं. "एकटी पोरगी कुठवर करन?" म्हणायचे.

तशात मोहगावचे एक गुरुजी आले. जुनी छोटी गाडी, मागच्या चाकाच्या लोखंडी ब्रेक-ड्रमला तडा. त्यातली बेअरिंग मात्र मीच नुकती घातलेली, अगदी कोरी. दुसरा ड्रम सौंसरच्या भंगारवाल्याकडे मिळाला, पण नवी बेअरिंग नागपूरहून यायला चार दिवस. आणि गुरुजींना उद्याच आईला डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचं होतं.

"हीच काढून लावते," मी म्हणाले.

"लाव," बाबा म्हणाले. "पण चाक बोललं तं उद्यापासून शटर बंद. दिवाळीची वाट नाई पाहत मी."

माझंही डोकं फिरलं. "मंजूर!"

ओढून काढली तर मार बसणारच. मग म्हटलं, ड्रम तर वाया गेलेलाच आहे, त्याला कशाला जपायचं? बेअरिंगवर ओलं फडकं बांधलं आणि ग्राइंडरनं ड्रमच चिरत आणला. बेअरिंगला पातं लागायच्या केसभर आधी थांबले. छिन्नी ठेवून एक टोला दिला, ड्रम फाकला आणि बेअरिंग अलगद हातात आली. एक ओरखडा नाही! ती प्लास्टिकात गुंडाळून समोरच्या बर्फगोळेवाल्या काकांच्या पेटीत ठेवली.

"माय वं, हे काय करून राहिली?" काका ओरडले.

सौंसरचा ड्रम गॅसच्या शेगडीवर चढवला. भाकरीच्या तव्यासारखा पाण्याचा थेंब टाकून पाहिला, चर्र झालं तसा उतरवला. गारठ्यानं बेअरिंग आखडलेली, तापून ड्रम सैलावलेला. नुसत्या हातानं ठेवली, टक् करून बसली. हातोडीला मी हातसुद्धा लावला नाही.

सगळं गार झाल्यावर चाक चढवलं. बाबा उठले. त्यांची तपासायची रीत ठरलेली: एका हातानं चाक फिरवायचं, दुसऱ्याचा पंजा वरच्या स्प्रिंगवर ठेवायचा. बेअरिंग खराब असली तर कानाआधी तळव्याला कळतं.

त्यांनी फिरवलं. पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा फिरवलं, तेव्हा मी जवळ गेले.

"काय झालं, बाबा?"

ते हळूच बोलले, गुरुजींना ऐकू जाऊ नये असं. "समजूनच नाई राहिलं. चाक थरथरते का माहा हातच... तू हात लावून पाय."

मी हात ठेवला. चाक गरगर फिरत होतं आणि स्प्रिंग अगदी शांत होती. डोळे भरून आले, पण आवाज ठणठणीत निघाला. "काही नाही, बाबा. चाक एकदम गप्प आहे."

बाबा मागं सरकले, फडक्याला हात पुसत बसले. गुरुजींनी सवयीनं त्यांनाच विचारलं, "मग निघू ना उद्या?"

"मले काय विचारता?" बाबा खेकसले. "मिस्त्री ते आहे. तिले विचारा."