लुपेबाईंचा डबा

आज कुकरमधून मक्याची कणसं पाल्यासकट काढली आणि त्या ओल्या पाल्याच्या वासानं कोल्हापुरातलं माझं स्वयंपाकघर एकदम पुएब्लाचं झालं.

ह्यांच्या नोकरीपायी मेक्सिकोतल्या त्या शहरात जाऊन आम्हाला चारच दिवस झाले होते. लेक नुसत्या ब्रेडवर होती. दुपारी शेजारच्या लुपेबाईंनी हसत एक डबा हातात ठेवला. आत मक्याच्या पाल्यात गुंडाळून वाफवलेले गरमगरम मुटके. लेकीनं पुढे केलेला हात मी झटकला. आत कसलं मटण असेल कुणास ठाऊक! सगळे पिशवीत बांधून कचऱ्यात टाकले. भांडं रिकामं परत द्यायचं नाही, म्हणून डबा घासून त्यात साखर भरली आणि नेऊन दिला. लुपेबाईंनी चिमूटभर साखर तोंडात टाकली आणि मला घट्ट मिठी मारली. मी खांबासारखी उभी.

संध्याकाळी हे आले. "दे की ते मक्याचं! सकाळी त्या बाईनं मला गेटावर गाठून विचारलं, तुमच्यात काय चालत न्हाय? म्हटलं, गाईचं. मग नुसता घेवडा भरून करते म्हणाली."

कचऱ्याची गाडी केव्हाच येऊन गेली होती.

पुढे तीन वर्षं त्यांच्या मुटक्यांचा डबा येत राहिला आणि आम्ही तो चाटूनपुसून खात राहिलो. निघायच्या दिवशी लुपेबाईंनी विचारलं, "सगळ्यांत कुठले आवडले?"

तोवर मला त्यांची भाषा येत होती. खरं सांगता आलं असतं.

मी म्हटलं, "पहिले."