रफिक मिस्त्रीचा कान

मंगळवार पेठेत रफिक मिस्त्रीचं गॅरेज विचारलं, की लोक आधी कानाला बोट लावत आणि मग रस्ता दाखवत. "तो कानाचा मिस्त्री व्हय? जावा सरळ." चाळीस वर्षं त्यानं इंजिन आधी ऐकलं आणि मग उघडलं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. एकदा एक बुलेट नुसती कोपऱ्यावरून वळली, तर हा हातातला चहा खाली न ठेवता म्हणाला, "चेन सैल हाय, आन् मालक घाईत हाय." दोन्ही खरं निघालं.

दिवाळीच्या पाडव्याला तर त्याच्या दारात रांग लागायची. म्हशी सजवून मोटारसायकलीमागं पळवायच्या, हा कोल्हापूरचा नाद. त्यासाठी सायलेन्सर काढायचा आणि गाडीचा आवाज असा बसवायचा, की पन्नास गाड्यांच्या गोंगाटात म्हशीनं आपलाच धनी ओळखून मागं धावावं. तो आवाज रफिक बसवून द्यायचा. उघड्या नळीपाशी कान नेऊन, एकेका गाडीला तास तास. त्यातच कान गेले. एकदम नाही गेले. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग कुकरची शिट्टी, मग अजान लांब लांब होत गेली. हे ठाऊक होतं फक्त त्याच्या बायकोला, मेहमुदाला.

"डॉक्टरला दाखवा, यंत्र लावा," ती ओरडून सांगायची.

"कानात यंत्र घातलेल्या मिस्त्रीकडं गाडी कोण आणंल गं?" एवढं बोलून तो उठायचा.

अशात मलकापूरच्या पुढच्या डोंगरवस्तीवरनं हंबीरराव आले. सोबत बायको शालूबाई, आणि टेम्पोत बांधलेली चार फुगीर चाकांची, हँडलची एटीव्ही गाडी. हंबीररावांचा गुडघा निकामी झालेला. गोठा चढावर, डेअरीची गाडी थांबते खाली. पाय नाही म्हणून चाकं घेतलेली. पुढं ते बसायचे, मागं कॅन धरून शालूबाई.

"मिस्त्री, उतारावर फटाके वाजवतीया बघा," हंबीरराव म्हणाले. "धाडकन वाजलं की म्हशी दावं तोडाय बघत्यात."

रफिकनं प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. आवाज काही आला नाही. खरं तर गाडी आली तेव्हाही त्याला काही ऐकू आलं नव्हतं. पण ते तो स्वतःशीसुद्धा बोलला नाही. "गेला फटाका," म्हणाला. "बिनघोर जावा."

आठव्या दिवशी तोच टेम्पो परत दारात. शालूबाईचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये. वळणावर गाडी वाजली, समोरून येणारी म्हैस बुजून अंगावर आली, हंबीररावांनी हँडल मारलं आणि शालूबाई कॅनसकट दगडांवर पडली.

रफिक त्या हाताकडं बघत राहिला. म्हणाला, "मी तर गल्लीत चालवून बघितलती..."

"गल्लीत पण वाजलीती की," शालूबाई म्हणाली. "बारीक, दोन येळा."

ती समोर उभी राहून बोलत होती, म्हणून त्याला ओठांवरनं कळलं. "मग वहिनी, बोलला का न्हाई?"

"तुमी कानाचं मिस्त्री. मला वाटलं, तुमी ऐकलं असंल. मी अडाणी बाई, तुमास्नी काय शिकवू?"

रफिकनं पाना खाली ठेवला. शेजारचा पानवाला बघत होता, दोन गिऱ्हाइकं बघत होती. त्या दारात चाळीस वर्षं चांगली गेली होती; आता गिऱ्हाईक तुटणारच, असं धरून तो बोलला.

"मला ऐकू येत न्हाई. दोन-तीन वर्षं झाली. तुमचा हात माझ्यामुळं मोडला."

हंबीरराव तापट माणूस. चेहरा लालबुंद झाला. "आन् हे आता सांगतायसा?" एवढं बोलले आणि काठी आपटत रस्त्यापर्यंत गेले. शालूबाई मात्र स्टुलावर बसली. म्हणाली, "मग हातानं बघा. माझं कान घ्या."

मग रफिक हातानं बघायला लागला. गाडी थंड असतानाच चालू केली. सायलेन्सरच्या तोंडावर ओला बोळा धरला, म्हणजे आतला धूर दुसरीकडनं वाट काढणार. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी सोडलं. इंजिनातून धुराची नळी जिथं बाहेर पडते, तिथं बुडबुडे उठले. तिथली तांब्याची कडी झिजून चपटी झाली होती. उतारावर ॲक्सिलेटर सोडला की त्या फटीतून बाहेरची हवा आत शिरायची, आणि तापलेल्या नळीत उरलेलं पेट्रोल भडकायचं. सपाट गल्लीत ते नीट कळणार कसं! रफिकनं कडी बदलली, बोल्ट आवळले आणि पान्यांची पिशवी घेऊन टेम्पोत बसला.

"तुमी कुठं?" हंबीररावांनी विचारलं. चार तासांतला त्यांचा पहिला शब्द.

"उतारावर."

वस्तीवर पोचल्यावर शालूबाई वळणावरच्या दगडावर बसली. वाजलं तर तिनं डावा हात वर करायचा, असं ठरलं. रफिक तिच्यासमोर उभा राहिला. गाडीकडं पाठ, नजर तिच्या हातावर. हंबीरराव वरनं सुटले. हात वर गेला.

खाली पोचून हंबीरराव म्हणाले, "काय न्हाई झालं. निवांत आली." राग ओसरला होता आणि त्यांना मिस्त्रीची कीव आली होती.

"वाजलं," शालूबाई म्हणाली. "खोटं कशापायी बोलताय? परत त्यांस्नी तसंच धाडायचं हाय व्हय?"

रफिक तिथंच मातीत आडवा झाला. पुन्हा बोळा, पुन्हा साबणाचं पाणी. नळी आणि सायलेन्सरचा मधला पट्टा उतारावरच्या हादऱ्यांनी सैल झाला होता. तो आवळला. दुसऱ्या फेरीला हात मांडीवरच राहिला. तिसऱ्या फेरीलाही. चौथी फेरी रफिकनंच मागितली.

"आता बास की भाऊजी!" शालूबाई एवढ्या मोठ्यानं ओरडली की त्यालाही ऐकू गेलं. "धारंची येळ झाली."

धारा हंबीरराव एकटेच काढत होते, गुडघा पसरून, कण्हत. रफिकनं हाताचं ऑईल साबणानं तीनदा धुतलं आणि बादली मागितली. पेठेत गोठ्याला लागून वाढलेला माणूस, धार काढणं काही नवं नव्हतं. पण म्हैस परक्या हाताला दूध देईना. मग शालूबाई तिच्या तोंडाशी उभी राहिली, चांगला हात मानेवरनं फिरवत. थोड्या वेळानं पान्हा सुटला. बादलीत धार वाजते ती रफिकला ऐकू येत नव्हती. फेस वर चढताना दिसत होता. त्याचे डोळे भरून आले आणि हात थांबले.

"थांबू नका," शालूबाई म्हशीवरनं वाकून, त्याच्याकडं तोंड करून म्हणाली. "मधीच सोडली की आटती."

त्यानं मान हलवली, आणि पुन्हा काढायला लागला.