भावावरून ओवाळलेलं पाणी

बातमी दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय छापायची नाही, ही माझी सवय. उतारा-भानामतीच्या बातम्या मी टेबलावरूनच परत पाठवत असे. म्हणून घडलं तेवढंच लिहितो.

निजामी राजवट जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. आम्ही झरी गावचे, मेंढरं राखणारे. थोरला भाऊ नामदेव याचं हर्नियाचं ऑपरेशन परभणीत ठरलं. तिथले डॉक्टर एक तपासणी करत होते. माणूस भ्याला की शरीरात एक हार्मोन वाढतं. ते लघवीतून मोजायचं. तुलनेला निरोगी माणूस हवा होता, शक्यतो सख्ख्या नात्यातला. मी तयार झालो. दोघांची आदल्या दिवसाची एकेक बाटली, ऑपरेशनच्या दिवसाची एकेक. लाखेचे शिक्के डॉक्टरांनी स्वतः मारले आणि बाटल्या हैदराबादला पाठवल्या.

ऑपरेशनच्या सकाळी नामदेव थरथरत होता. मी बाहेर चहा पिऊन परत आलो तर खाटेवर शांत पडलेला. मायनं मला तांब्या दिला. "पे बाबा, तोंड सुकलंय तुझं."

त्याला आत नेलं. मी बाहेर बाकावर… अंगाला दरदरून घाम, हात गार, जांघेत चिरल्यासारखी कळ. उपाशीपोटी चहा बाधला असेल, असं मी मानलं.

अहवाल आला. आदल्या दिवशी नामदेवचा आकडा चढलेला, माझा साधारण. ऑपरेशनच्या दिवशी बरोबर उलट.

"बाटल्या कुणी बदलल्या, भाईसाब?" डॉक्टरांनी विचारलं. शिक्के शाबूत होते, सह्या त्यांच्याच. तरी त्यांनी आमची नावं वहीतून खोडली.

घरी सांगितलं तेव्हा नामदेव हसला. "भ्यायला बी गडी ठिवला म्हणायचा मी!"

माय हसली नाही. तो बाहेर गेल्यावर मी विचारलं, "तांब्यातलं पाणी कसलं होतं?"

"त्याच्यावरून ववाळलेलं."

असं पाणी तिठ्यावर ओततात. परकासुद्धा ते ओलांडत नाही.

"मला पाजलंस?"

"त्यो लय भेदरला व्हता. तू शिकलेला… तुला सोसंल म्हणलं."

"विचारायचं तरी."

"इचारलं असतं तर पेला असतास का?"

अहवालाची नक्कल माझ्याकडे आहे. पुढे दोन डॉक्टरांना दाखवली. उलगडा कुणालाच झाला नाही, मलाही नाही.

पण तिनं विचारलं असतं, तर मी प्यायलो असतो.