आरशावर चिकटलेला खुनी

माझ्यामुळे एका निरपराध सुनेवर खुनाचा आळ आला होता. तोही मला नटासारखे केस हवे होते म्हणून.

तेव्हा जळगावात आमच्या गल्लीत तीन घरांत मिळून एकच मासिक यायचं. आधी माझ्याकडे, मग शेजारच्या कापडवाल्या नानांकडे, शेवटी माझ्या आत्याकडे (तिला सगळी गल्ली अक्का म्हणे). रविवारी सकाळी अक्काच्या ओट्यावर चहा आणि चर्चा. कोणत्या नटीचं कुणाशी जुळलं, कुणाची मुलाखत निव्वळ थापा आहे, आणि मुख्य म्हणजे रहस्यकथेचं नवं प्रकरण. आता फोनवर वाचायला हवं ते मिळतं. भांडायला ओटा मिळत नाही.

एका अंकात एका नटाचा फोटो आला. कपाळावर झुलणारी बट. मी कात्री घेतली, फोटो कापला आणि सलूनवाल्या रमेशला दाखवला. "अगदी असे काप."

त्याने फोटो पाहिला, मग मला पाहिलं. "केस मी कापतो, साहेब. चेहऱ्याचं तुम्ही बघा."

(घरी गेलो तर बायकोने दार उघडून "कोण पाहिजे?" असं विचारलं.)

चार दिवसांनी नाना अंक घेऊन दारात. "अरे, रहस्यकथेचं शेवटचं पान अर्धं कापलेलं आहे. खुनी कोण निघाला?"

या अंकात उलगडा होणार, असं आधीच जाहीर झालं होतं. तो नेमका माझ्या नटाच्या पाठीवर छापला होता, आणि मी अजून वाचलाही नव्हता. पण हे सांगायचं तर बटीचंही सांगावं लागलं असतं.

"डॉक्टर," मी म्हणालो.

"मला वाटलंच होतं," म्हणत नाना समाधानाने गेले.

पुढच्या आठवड्यात अक्काने गाठलं. "पान कुठे गेलं? खुनी कोन शे रे?"

नानांना काय सांगितलं ते ऐन वेळी आठवेना. "सून," मी म्हणालो. "दुधातून विष दिलं."

अक्काने वळून आपल्या स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिची सून शैला म्हणजे झुरळ मारायचं तरी शेजाऱ्यांना हाक मारणारी. दोन दिवसांनी ती रडवेली होऊन आली. "भाऊ, मी दिलेलं दूध आत्याबाई आधी मांजराला पाजतात. मांजर जाडं झालंय. माझं काय चुकलं?"

रविवारी ओट्यावर नाना म्हणाले, "डॉक्टरच खुनी निघणार, हे मला आधीच वाटलं होतं."

"डॉक्टर नाही, सून," अक्का म्हणाली. दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"दोघांनी मिळून केला," मी म्हणालो. तेही कुणाला पटेना. शेवटी सगळं कबूल केलं.

मग आमची वरात सलूनमध्ये. रमेशने तो फोटो खळ लावून आरशावर चिकटवला होता. एका गिऱ्हाइकाच्या गालांवर साबण तसाच ठेवून त्याने गरम पाण्याने फोटो हळूहळू सोडवला. नानांनी चष्मा चढवला आणि ओलं पान मोठ्याने वाचू लागले. "इन्स्पेक्टरने बोट रोखलं. खुनी इथेच, या खोलीत आहे..."

नाना शेवटच्या ओळीवर आले.

"पुढील अंकी समाप्त."

"म्हणजे अजून महिनाभर?" साबणातून आवाज आला.

पुढच्या अंकात जो खुनी निघाला, तो माणूस गोष्टीत त्याआधी आलाच नव्हता. ओट्यावर नानांनी अंक मिटून बाजूला ठेवला. मग अक्का म्हणाली, "तुना शेवट चांगला व्हता रे."

तिच्या एका वाक्याने मला स्फुरण चढलं. मी स्वतःची रहस्यकथा लिहून त्याच मासिकाला पाठवली. ती साभार परत आली. सोबत चिठ्ठी होती: 'खुनी कोण, ते पहिल्याच पानावर कळतं.'

मला स्वतःला ते शेवटच्या पानापर्यंत कळलं नव्हतं.