छत्तीस रविवार

माझी ताई एका मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढायची. सलग तीस वर्षं. त्यातली पहिली वीस वर्षं ती अंधाऱ्या खोलीत हातानं फिल्म धुवायची, म्हणून सगळे तिला फिल्मबाई म्हणत. पुढे कॉम्प्युटर आले, त्या खोलीत मोडक्या खुर्च्या रचल्या गेल्या, पण नाव राहिलं. ताईच्या हाताची सवयही राहिली. फिल्म मागून उजळून बघायची दिव्याची पेटी भंगारात निघाली होती, ती तिनं रीतसर अर्ज करून घरी आणली. एक जुना कॅमेरा मिळवला आणि फोटो काढून घरीच बाथरूममध्ये धुवायला लागली. भावजींची तक्रार एकच होती, "महिन्यातून एक दिवस मला माझ्याच घरात आंघोळीला बंदी असते."

निवृत्तीला वर्ष राहिलं असताना एका सकाळी चूळ भरताना तिच्या तोंडातून पाणी ओघळलं. आरशात बघितलं तर डावा गाल लोंबलेला, डावा डोळा मिटेना. चेहऱ्याची नस सुजली होती. डॉक्टर म्हणाले, "बहुतेकांचं भरून येतं. काहींचं थोडं राहून जातं."

तीन आठवड्यांनी ती कामावर गेली, तर अधीक्षकांनी बोलावून घेतलं. अगदी हळुवारपणे म्हणाले, "बाई, तुम्ही आता रेकॉर्डरूममध्ये बसा. पेशंट बिचकतात हो."

"पेशंटला मी श्वास रोखायला सांगते, साहेब. माझं तोंड बघायला नाही."

ओठ मिटत नसल्यामुळे तिला 'प' नीट म्हणता येत नव्हता. तरी तिनं 'पेशंट' हा शब्द टाळला नाही. म्हणाली आणि सरळ आपल्या मशीनपाशी जाऊन उभी राहिली.

बाहेरच्यांना काय बोलायचं? आमच्या घरी सगळ्यांचा मिळून फोटो काढताना मीच तिला म्हटलं, "ताई, तू जरा कडेला थांब, उजवा गाल पुढे कर." तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. मला ते अजून बोचतं.

त्याच रविवारी तिनं खिडकीसमोर स्टँडवर कॅमेरा लावला, कृष्णधवल रोल भरला, फोटो आपोआप निघायला दहा सेकंदांची किल्ली दिली आणि समोरच्या खुर्चीत जाऊन बसली. सरळ, समोर तोंड करून. एकच फोटो. पुढच्या रविवारी तीच खुर्ची, तोच उजेड, पुन्हा एकच.

भावजी म्हणाले, "अगं, फोनवर काढ की. लगेच दिसतो."

"म्हणूनच नको. लगेच दिसतो आणि लगेच पुसताही येतो."

रोल छत्तीस फोटोंचा. पुरे छत्तीस रविवार तिनं तो कॅमेऱ्यातून काढला नाही. पाहुणे येवोत की ताप येवो, एकही रविवार चुकवला नाही.

रोल धुतला त्या दुपारी मी तिथं होते. दाराच्या फटीला टॉवेल लावून, मिट्ट काळोखात, बोटांच्या अंदाजानं तिनं फिल्म चक्रीवर गुंडाळली आणि डबा बंद केल्यावर दिवा लावला. थर्मामीटरनं पाणी बघून एकेक द्रावण ओतलं, घड्याळाकडे डोळा ठेवून डबा उलटासुलटा केला. धुऊन झाल्यावर फिल्म बाहेर काढून दोरीला टांगली, खाली वजनाला चिमटा लावला. मला नुसते काळे गाल आणि पांढरे केस दिसत होते. ताईनं मात्र वीस वर्षं अशीच उलटी माणसं वाचली होती. ती वरून खाली एकेक चौकट बघत आली आणि अकराव्या फोटोवर थांबली. मग उरलेल्या भराभर बघितल्या.

"इथपर्यंत सुधारलंय. पुढे काही नाही."

"थोडंसं तरी असेल गं."

"पंचवीस फोटो आहेत. सगळे सारखे."

ती पालथ्या बादलीवर बसली. मग डाव्या डोळ्याला रुमाल लावला. तो डोळा तसाही पाझरायचा, त्यामुळे मला काही कळलं नाही. फिल्म वाळल्यावर तिनं सहा-सहाचे तुकडे कापले, फुंकणीनं धूळ उडवली आणि स्कॅनरच्या खाचेत बसवले. पडद्यावर पहिल्यांदाच तिचा चेहरा सुलटा आला. ती म्हणाली, "शेवटचा छान आलाय."

इस्पितळाच्या व्हरांड्यात निवृत्त होणाऱ्यांचे फोटो ओळीनं लावतात. ऑफिसनं फोटो मागितला तेव्हा तिनं तोच शेवटचा पाठवला. निरोप समारंभाच्या तीन दिवस आधी ती व्हरांड्यातून जात होती, तर भिंतीवर तिचा फोटो, तोंड एकदम सरळ.

कारकून कौतुकानं पुढे आला. "छान केलाय ना, मॅडम? मीच केला."

ताईनं चष्मा वर केला. "माझ्या दोन्ही गालांवर तीळ कधीपासून?"

त्यानं उजवी बाजू उलटी करून डावीकडे चिकटवली होती. ताईनं फ्रेम खिळ्यावरून उतरवली आणि काखेत मारली. गलबला ऐकून अधीक्षक आले.

"बाई, आम्ही चांगल्या मनानं केलं. कायमचा राहणार इथं, बरा दिसावा म्हणून."

"तीस वर्षांत माझ्याकडे किती मोडलेली हाडं आली, साहेब. एकही मी फिल्मवर सरळ करून दिलं नाही."

"आता दुसरी फ्रेम वेळेत व्हायची नाही."

"मग खिळा रिकामा राहू दे."

राहिला. समारंभाला ती घरून दिव्याची पेटी घेऊन गेली. मी धरू लागले होते, चांगलीच जड होती. हारतुऱ्यांच्या टेबलावर पेटी ठेवून तिनं फिल्मच्या सहा पट्ट्या लावल्या आणि बटण दाबलं. आधी कुणी जवळ येईना. मग झाडूवाल्या मावशी आल्या, मग नर्सेस. ताई एखाद्या परक्या पेशंटबद्दल सांगावं तसं बोट दाखवत होती, "इथं डोळा मिटायला लागला. इथं सुधारणा थांबली." अधीक्षक सर्वांत शेवटी आले. वाकून एकूण एक चौकट बघितली.

पंधरा दिवसांनी खरा फोटो लागला. औषधवाला आणि स्टोअरकीपर यांच्या मधोमध.

तो बघून परतताना मी विचारलं, "ताई, सुधारणा थांबली तेव्हा लागलं ना तुला?"

"लागलं की. पण लागलं ते मला. त्यांनी कशाला सरळ करायचं?"

आता तिला सगळा दिवस मोकळा. गळ्यात कॅमेरा अडकवून ती भर बाजारातून हिंडते. कुणी तोंडाकडे टक लावून बघायला लागलं की थांबते आणि विचारते, "काढू का एक?" 'प' नसलेलं वाक्य आहे, अगदी स्पष्ट येतं. निम्मे लोक काढता पाय घेतात. निम्मे केस नीट करून उभे राहतात. त्यांचे फोटो ती घरी धुते आणि पुढच्या आठवड्यात त्याच रस्त्यावर त्यांना शोधून हातात देते.